खेकड्यांचा सापळा: आमिष फस्त, सापळा रिकामा. रचनेत नेमकं काय बदलावं?

तळगाळ (प्रश्न)

घडीचा आयताकृती सापळा आहे. लांबी ६० से.मी., रुंदी ४५, उंची २०. सहा मि.मी. सळीची चौकट, त्यावर ४० मि.मी. आसाचं (आस म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप) नायलॉन जाळं. ४५ से.मी.च्या दोन्ही आखूड बाजूंना आडव्या फटीची तोंडं. आमिष तळाला, लांब बाजूच्या जाळ्याला लागूनच बांधलेलं असतं, कारण झाकण उघडल्यावर हात तिथपर्यंतच सहज पोचतो.

जागा खाडीची, तळ चिखलाचा, ओहोटीलाही दीड-दोन मीटर पाणी राहतं. धरायचा आहे तो चिखलातला मोठा खेकडा, म्हणजे सायला. तक्रारी तीन:

१. आमिष जवळपास संपलेलं, सापळ्यात काहीच नाही.
२. जे मिळतात ते लहानच. मोठा क्वचित.
३. कधी कधी तुटलेले पाय आणि नांग्या तेवढ्या सापडतात.

वरून तोंड असलेला गोल, घुमटासारखा सापळा घ्यावा असं सुचवलं जातंय. आकार बदलून खरंच फरक पडतो, की आहे त्यातच दुरुस्ती करावी? दुरुस्ती करायची तर आधी काय?

---

ओहोटीचं_गणित

गोल की चौकोनी हे तूर्त बाजूला ठेवा. खेकडा सापळ्यातून तुमच्या हातात येईपर्यंत चार गोष्टी ओळीने व्हाव्या लागतात: त्याला वास लागतो, तोंड सापडतं, तो आत उतरतो आणि सापळा वर घेईपर्यंत आत राहतो. बहुतेक जण सगळा जोर पहिल्या गोष्टीवर लावतात, म्हणजे आमिष वाढवतात. पण पाण्याखाली कॅमेरे लावून केलेल्या निरीक्षणांत पुन्हा पुन्हा एकच दिसतं. सापळ्यापाशी आलेल्या खेकड्यांपैकी बरेचसे आत न शिरताच परत जातात. तुमचं आमिष संपतंय, म्हणजे गिऱ्हाईक दारापर्यंत येतंय. गळती त्याच्या पुढे आहे.

आमिषाची जागा. सगळ्यात आधी हे बदला. जाळ्याला लागून बांधलेलं आमिष खेकडा बाहेरूनच नांगी घालून ओरबाडतो. ४० मि.मी.च्या आसातून नांगीचं टोक आरामात आत जातं. बाहेरूनच पोट भरत असेल तर त्याने तोंड कशाला शोधायचं? आमिष बरोब्बर मध्यभागी हवं. तुमच्या सापळ्याची रुंदी ४५ आहे, म्हणजे मधोमध टांगलं तर दोन्ही बाजूंपासून साधारण २२ से.मी. अंतर मिळतं, ते पुरेसं आहे. हात पोचत नाही ही अडचण सोपी आहे: छतापासून आकडा असलेली दोरी सोडा, आमिष बाहेरच त्या आकड्याला अडकवा आणि दोरी छताच्या जाळ्यातून ओढून गाठ मारा.

टांगतानाही एक पाहा. आमिष फटीच्या ओठाच्या (आतल्या कडेच्या) उंचीला आलं तर खेकडा ओठावर बसूनच ते ओढतो, आत उतरतच नाही. ते ओठाच्या खाली, तळापासून चार-पाच से.मी. वर असू द्या. त्याला खाली उतरायला लावायचंय.

प्रवाह आणि तोंडाची दिशा. आमिषाचा वास चहूकडे सारखा पसरत नाही, तो प्रवाहाबरोबर खालच्या अंगाला पट्ट्यासारखा वाहत जातो. खेकडा तो पट्टा धरून प्रवाहाच्या विरुद्ध चालत येतो आणि सापळ्याच्या खालच्या अंगाला येऊन थडकतो. तिथे तोंड असेल तर काम सरळ. नसेल तर तो जाळ्याला चिकटून तिथेच घुटमळतो, कारण बाजूला सरकलं की वास कमी होतो. म्हणून तुमच्या सापळ्याची लांबी प्रवाहाला समांतर पडली पाहिजे. भरती-ओहोटीच्या पाण्यात प्रवाह उलटतो, पण समोरासमोर दोन तोंडं असल्याने दोन्ही वेळा एक तोंड बरोबर बाजूला येतं. हा तुमच्या रचनेचा चांगला गुण आहे, तो वाया घालवू नका.

दिशा साधण्यासाठी मुख्य दोर मधोमध न बांधता एका आखूड बाजूच्या दोन कोपऱ्यांना इंग्रजी व्ही आकारात बांधा. ती बाजू प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवून, दोर किंचित ताणत सापळा खाली सोडा. मधोमध बांधलेला सापळा फिरत फिरत खाली जातो आणि कसाही बसतो.

उतार. तोंडाची आतली फट तळापासून १० से.मी. उंच आणि बाहेरच्या कडेपासून १६ से.मी. आत असेल, तर चढ साधारण ३२ अंशांचा होतो. हा चालतो. ४० पर्यंत ठीक. ४५ च्या पुढे गेलात की घसरून परत फिरणारे वाढतात. चढाच्या भागाला ४० मि.मी.चं जाळं नको, तिथे १५ ते २० मि.मी. आसाचं लावा. मोठ्या आसातून पायाची टोकं खाली निसटतात आणि खेकडा अडखळतो. गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा तर मुळीच नको, त्यावर पकडच मिळत नाही.

फटीची रुंदी. खेकडा आडवा चालतो, आडवाच शिरतो. त्याला उंच गोल भोक नको असतं, रुंद आणि बुटकी फट हवी असते. ४५ से.मी.च्या बाजूवर ३० ते ३५ से.मी. रुंदीची फट ठेवा.

हिशेब करून पाहा: दोन्ही तोंडांनी प्रत्येकी १६ से.मी. खाल्ले की मधे २८ से.मी. उरतात. म्हणजे ओठापासून आमिष फक्त १४ से.मी. मोठ्या सायलाची नांगी तेवढी पोचते. म्हणून या मापात आमिष उघडं न टांगता कडक डबीत ठेवा, किंवा पुढचा सापळा बनवताना लांबी ७५-८० से.मी. करा. दुसरा पर्याय मला जास्त पटतो.

---

गाठीवर_गाठ

वरचं सगळं मान्य. पण चौथी पायरी, म्हणजे आत राहणं, हिच्यावर जास्त बोलायला हवं. आमिष संपलेलं आणि सापळा रिकामा, याचा एक अर्थ बाहेरून ओरबाडलं हा आहे. दुसरा तितकाच शक्य अर्थ: आत आला, खाल्लं, गेला.

घुमटाच्या सापळ्याबद्दल आधी. वर तोंड असलेले शंकूच्या आकाराचे सापळे थंड समुद्रातल्या स्नो क्रॅबसाठी वापरतात. तो खेकडा लांब पायांचा, चालणारा. बाहेरच्या उतरत्या जाळ्यावरून चढतो, वरच्या तोंडातून आत पडतो. तोंडाला गुळगुळीत प्लॅस्टिकचं कडं असतं, ते आतून धरता येत नाही. पोहता येत नसल्याने तो तिथेच राहतो. सायला, निळे पोहणारे खेकडे वगैरे वेगळ्या कुळातले. त्यांची मागची पायांची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते आणि ते पाण्यात वर उठू शकतात. त्यांच्यासाठी वरचं उघडं तोंड म्हणजे दोन्हीकडून चालणारी वाट. सल्ला देणाऱ्याचा सापळा चुकीचा नाही, खेकडा वेगळा आहे.

उलट, पोहत वर जाण्याच्या याच सवयीचा उपयोग करून घेणारा सापळाही आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातला निळ्या खेकड्याचा तारेचा पिंजरा. व्हर्जिनियातल्या बेंजामिन लुईस यांनी १९२८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९३८ मध्ये सुधारित रूप आणलं. साधारण ६० से.मी.चा घन, आत दोन मजले. खालच्या मजल्याला फनेलची तोंडं, मध्यभागी आमिषाची नळी. खाऊन झालं की खेकडा बाहेर पडायला वर उठतो आणि मधल्या पडद्यातल्या भोकातून वरच्या कप्प्यात जातो. तिथून खालच्या तोंडापर्यंतची वाट त्याला सहसा सापडत नाही. २० से.मी. उंचीच्या घडीच्या सापळ्यात दोन मजले बसणार नाहीत, पण तत्त्व लक्षात ठेवा: खाण्याची जागा आणि अडकण्याची जागा वेगळी केली की टिकणाऱ्यांचं प्रमाण वाढतं.

तुमच्या फटीच्या सापळ्यात टिकणं अवलंबून आहे ते फटीच्या ताणावर. वरचा आणि खालचा पडदा एकमेकांना टेकलेले हवेत, खेकड्याने ढकलल्यावर उघडतील आणि मागे मिटतील इतपत. हे साधतं आतल्या दोऱ्यांनी: फटीच्या चारही कोपऱ्यांतून दोरी काढून समोरच्या तोंडाच्या कोपऱ्यांना बांधा, म्हणजे दोन्ही फटी एकमेकींना ताणून धरतात. नेहमीचे बिघाड असे:

- नायलॉन ओलं झाल्यावर थोडं लांबतं. कोरडं असताना बरोबर वाटलेली फट पाण्यात लोंबते आणि उघडी राहते. सापळा तासभर भिजवून मगच ताण ठरवा.
- चौकट वाकली की एक कोपरा सैल पडतो. खेकडे आतून कोपरे चाचपत फिरतात, नेमकी तीच जागा त्यांना सापडते.
- फार ताणली तर उलटाच त्रास, हलके खेकडे ढकलूच शकत नाहीत. अंदाज घ्यायला दोन बोटं आडवी घाला. सहज गेली आणि काढल्यावर फट मिटली, तर ठीक.

काही जण फटीऐवजी आत उघडणाऱ्या तारांची झडप लावतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डंजनेस खेकड्याच्या गोल सापळ्यांत ती सर्रास असते. तारा वरून लोंबतात, आतल्या दिशेनेच हलतात. पळून जाणं जवळजवळ थांबतं. पण शंख-शिंपले आणि शेवाळ धरलं, किंवा एखादी तार वाकली, की झडप उघडीच अडकून बसते, मग ती असून नसल्यासारखी. शिवाय तार पाठीला लागली की काही खेकडे मागे फिरतात.

म्हणून सापळा किती वेळ ठेवणार त्यावर निर्णय घ्या. दोन-तीन तासांनी उचलणार असाल तर आत येणं सोपं ठेवा, झडप नको. रात्रभर ठेवणार असाल तर थोडे आत कमी आले तरी चालतील, पण आलेला सुटता कामा नये.

---

ओहोटीचं_गणित

झडपेबद्दल थोडा असहमत. चिखलातल्या पाण्यात तिची देखभाल इतकी असते की फट परवडते. तारांना गाळ आणि केरकचरा अडकतो, दर वेळी हाताने हलवून पाहावं लागतं. रात्रभर ठेवायचं असेल तरी फटीचा आतला ओठ पाच-सहा से.मी. जास्त लांब करा, म्हणजे तो आतल्या पोकळीत झुकेल. भिंत चाचपत फिरणारा खेकडा मग ओठाच्या खालूनच पुढे सरकतो, फट त्याला सापडत नाही.

---

मापपट्टी

दुसरी आणि तिसरी तक्रार एकाच मुळाची आहे, असं दिसतंय.

४० मि.मी.च्या आसात लहान खेकडे अडकून राहतात. ते आधी येतात, आमिष खातात, जागा व्यापतात. मग मोठा आला की दोनपैकी एक होतं. एक तर तो आतल्या गर्दीमुळे बाहेरच थांबतो, किंवा आत येऊन मारामारी करतो. सायला स्वजातीलाही खातो, आणि नुकती कात टाकलेला मऊ खेकडा आत असेल तर त्याचं काही खरं नाही. तुटलेले पाय तिथून येतात. थोडे जाळ्यात गुंतूनही तुटतात, कारण अडकलेला पाय खेकडा स्वतःच सोडून देतो.

उपाय म्हणजे सुटकेची खिडकी. ऐकायला उलटं वाटतं, पण पिंजऱ्याला मुद्दाम भोक पाडल्याने मोठ्यांची संख्या सहसा घटत नाही. लहान निघून गेल्याने जागा आणि आमिष शिल्लक राहतं, निवडण्यात वेळ जात नाही, आणि लहानांच्या नांग्या शाबूत राहतात.

खिडकीचं माप कवचाच्या रुंदीवरून काढू नका. ही चूक फार होते. खेकडा आडवा बाहेर पडतो, त्यामुळे रुंदी आडवी येतच नाही. अडतं ते कवचाच्या पुढून-मागच्या लांबीला आणि शरीराच्या जाडीला. डंजनेसच्या सापळ्यातलं कडं १०८ मि.मी. व्यासाचं असतं, तर ठेवण्याजोग्या नराचं कवच सुमारे १५९ मि.मी. रुंद. म्हणजे रुंदीपेक्षा खूपच लहान भोक, तरी काम नेमकं होतं. सायलासाठी आडवी आयताकृती खिडकी बरी. १२० मि.मी. लांब आणि ५० मि.मी. उंच हे माप बरंच वापरलं जातं. यात निर्णायक ती उंची. तुमच्या भागात कायद्याने ठेवता येणाऱ्या लहानात लहान आकाराचे काही खेकडे घ्या, त्यांची पोट ते पाठ जाडी व्हर्नियरने मोजा, आणि त्यातल्या सगळ्यात पातळ खेकड्याच्या जाडीपेक्षा खिडकीची उंची दोन-तीन मि.मी. कमी ठेवा. नियमात खिडकीचं माप दिलेलं असेल तर अर्थात तेच.

जागा: तोंड नसलेल्या लांब बाजूंवर, कोपऱ्याजवळ, खालची कड तळाला लागून. दोन खिडक्या, तिरप्या कोपऱ्यांत. मात्र सापळा चिखलात रुतत असेल तर खिडकी बुजते, मग ती पाच से.मी. वर घ्या.

चौकट कडक हवी, पीव्हीसीची किंवा सळीची. नुसतं जाळं कापून केलेली खिडकी ताणली जाते, मोठा खेकडा तिच्यातून दामटून निघतो किंवा अर्ध्यात अडकून मरतो.

आणखी एक. अंडी धरलेली मादी मिळाली तर ती त्याच जागी पाण्यात सोडा, नांगी धरून ओढून काढू नका.

---

जड_बूड

थोडक्यात तीन गोष्टी, वर कुणी लिहिल्या नाहीत.

डुलणारा सापळा कोणताही असो, धरत नाही. खेकडा चढावर पाय ठेवतो, सापळा हलतो, तो मागे फिरतो. सहा मि.मी. सळीचा घडीचा सापळा पाण्यात फार हलका होतो. तळाच्या चौकटीच्या दोन्ही लांब सळ्यांना सारखं वजन बांधा, मिळून दीड-दोन किलो, उधाणाच्या ओढीत त्याहून जास्त. वजन एकाच बाजूला नको. उघड्या समुद्रातले डंजनेसचे लोखंडी सापळे ३० ते ५० किलोंचे असतात ते उगाच नाही.

दोर जास्तीत जास्त भरतीच्या खोलीच्या दीडपट तरी ठेवा. आखूड असला तर भरतीला बोया सापळ्याला वर ओढतो आणि लाटेगणिक आपटतो. तरंगणारा दोर असेल तर बोयाजवळच्या टप्प्यात छोटं शिसं लावा, नाहीतर सैल भाग होडीच्या पंख्यात जातो.

आणि कुजणारी दोरी. सापळा हरवला तर नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं धरत राहतं: आतला मरतो, त्याचंच आमिष होतं, पुढचा येतो. झाकणाचा किंवा एका बाजूच्या जाळ्याचा जोड साध्या, प्रक्रिया न केलेल्या सुती दोरीने बांधा. ती पाण्यात कुजून तुटली की वाट मोकळी होते. वापरातल्या सापळ्यात ती ठरावीक काळाने बदलत राहायची, एवढंच काम.

---

तळगाळ

आमिष मधे टांगणं, दोर आखूड बाजूला घेणं, वजन आणि खिडक्या, हे लगेच जमेल. दोन प्रश्न उरले. आमिष डबीत की उघडं? आणि गळती बाहेरून ओरबाडण्याची आहे की आत येऊन निघून जाण्याची, हे नक्की कसं ओळखायचं?

---

गाठीवर_गाठ

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते फुकटात मिळतं.

पाच-सहा खेकडे घ्या, लहान-मोठे मिसळून. कवच पुसून त्यावर पक्क्या रंगाच्या पेनने आकडे घाला. सापळ्यात ठेवा, आमिष न घालता नेहमीच्या जागी सोडा, नेहमी ठेवता तेवढाच वेळ ठेवा. मग मोजा. नियमात बसणारे मोठे खेकडेच गायब असतील तर गळती तोंडातून आहे, फटीचा ताण सुधारा. सगळे मोठे जागेवर असतील तर सापळा धरून ठेवतोय, अडचण आत येण्यात आहे. ही चाचणी खिडक्या लावण्याआधी करा, नाहीतर लहान कुठून गेले ते कळणार नाही. नांग्या सैल सुती दोऱ्याने बांधल्या तर मारामारी टळते, पण मग ते सुटायचा प्रयत्नही कमी करतात. म्हणून न बांधताच करा.

आमिषाची दुसरी खूण: जाळ्याच्या बाजूने कुरतडलेलं असेल तर बाहेरून. सर्व बाजूंनी बारीक सोललेलं, काटा स्वच्छ उरलेला असेल तर खेकडा नाहीच, छोटे मासे किंवा पाण्यातले बारीक किडे. त्यासाठी सापळा बदलून उपयोग नाही, डबी लागेल.

---

ओहोटीचं_गणित

डबी की उघडं, यावर माझं मत: दोन्ही. भोकांच्या डबीत मुख्य आमिष, पाच-सहा मि.मी.ची भरपूर भोकं, झाकणाला आकडा. आणि डबीच्या खाली एक कडक तुकडा उघडा, डोकं किंवा शेपूट, जे ओठावरून ओढून तुटणार नाही. नुसत्या डबीपाशी आलेल्याला खायला काही मिळालं नाही तर तो वाट शोधायला लवकर लागतो. नुसतं उघडं ठेवलं तर पहिलाच संपवतो.

आमिष तेलकट माशाचं, कापलेलं. अखंड मासा वास हळू सोडतो. वासाचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच विरून जातो, म्हणून दिवसभर ठेवलेल्या सापळ्यात डबी भरलेली दिसली तरी ती जवळजवळ निकामी असते. जुन्यावर नवीन भरू नका, धुऊन नवीन घाला.

बदल करताना सगळे एकदम करू नका. दोन सापळे घ्या, एक जसा आहे तसा, दुसऱ्यात एकच बदल. अंतर ४०-५० मीटर, आडव्या दिशेने, म्हणजे एकाचा वास दुसऱ्यावरून जाणार नाही. आमिष तोलून सारखं, वेळ सारखी, आणि दर खेपेला जागांची अदलाबदल, नाहीतर चांगल्या जागेचं श्रेय चांगल्या सापळ्याला मिळतं. उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस आणि भांगाचे (लहान भरतीचे) दिवस वेगळे नोंदवा. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की सायलाची हालचाल आणि खाणं मंदावतं, त्या दिवसांतले आकडे तुलनेत घेऊच नका. वहीत पाच रकाने पुरे: मोठे, लहान, तुटलेल्या नांग्या, उरलेलं आमिष, सापळा कोणत्या दिशेला बसलेला सापडला.

क्रम विचारलात म्हणून: आधी आमिषाची जागा, मग वजन, मग फटीचा ताण, मग खिडक्या. चढाचं बारीक जाळं शेवटी, कारण त्यासाठी सगळी शिवण उसवावी लागते.

---

मापपट्टी

फक्त एक जोड. ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या काठावर तुलनेसाठीसुद्धा सापळा ठेवू नका. उन्हात अडकलेला खेकडा तापून मरतो, आणि त्या खेपेचा आकडा सापळ्याबद्दल काहीच सांगत नाही.